सूक्ष्मनलिकेवर चैतन्याचा भार कशाला?

मेंदूच्या पेशींमधल्या सूक्ष्मनलिकांमध्ये, म्हणजे प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्यांमध्ये, जाणीव उपजते असा एक सिद्धांत आहे. या नलिकांबद्दल एखादा नवा प्रयोग प्रसिद्ध झाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात आणि दोन्हीकडून तेच ते बोलणे सुरू होते. एका बाजूला 'विज्ञानाने अखेर आत्मा शोधला' असे सांगणारी व्याख्याने, संदेश आणि चित्रफिती. इडा-पिंगलेपासून क्वांटम भौतिकीपर्यंत एका दमात पोचणारी. दुसऱ्या बाजूला 'हे सगळे छद्मविज्ञान आहे, क्वांटम हा शब्द दिसला की पुढे वाचू नका' असे बजावणारे विवेकवादी. पहिल्यांनी मूळ शोधनिबंध वाचलेला नसतो आणि दुसऱ्यांना तो वाचण्याची गरज वाटत नाही. या भांडणात एक नेमका आणि प्रयोगाने सोडवता येण्याजोगा प्रश्न चिरडला जातो आहे: या नलिकांचे जे विद्युत गुणधर्म मोजले गेले आहेत, त्यांचा उपयोग जिवंत चेतापेशी माहिती हाताळण्यासाठी करते का?

माझे म्हणणे आधीच सांगतो. सूक्ष्मनलिकांना दखल घेण्याजोगे विद्युत गुणधर्म आहेत, हे मानायला पुरेसा आधार आहे. त्या गुणधर्मांच्या जोरावर पेशी माहितीवर प्रक्रिया करते, हे अजून कोणी दाखवलेले नाही. आणि जाणीव तिथेच उपजते, हे तर त्याच्याही कितीतरी पुढचे विधान. ही तीन वेगळी विधाने आहेत. पहिल्याचा पुरावा तिसऱ्याच्या खात्यावर जमा करणे जितके चूक, तितकेच तिसरे पटत नाही म्हणून पहिले उडवून लावणे चूक. हा वाद तीन तुकड्यांत मांडला नाही, तर तो कधीच संपणार नाही आणि त्यातून कोणी काही शिकणारही नाही.

मुळात ही वस्तू काय आहे ते नीट पाहू. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे अल्फा आणि बीटा असे दोन भाग जोडून सुमारे ८ नॅनोमीटर लांबीची एक जोडी होते. अशा जोड्या एकापुढे एक लागून धागा बनतो आणि साधारण १३ धागे गोलाकार उभे राहून २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी तयार होते. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा तीनेक हजार नळ्या शेजारीशेजारी मावतील. १९६३ च्या आधी त्या नीट दिसतच नव्हत्या, कारण सूक्ष्मदर्शकासाठी नमुना तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत त्या विरघळून जात. नमुना टिकवण्यासाठी ग्लुटराल्डिहाइड हे रसायन वापरायला सुरुवात झाली आणि वनस्पतींपासून प्राण्यांपर्यंत जिकडेतिकडे त्या सापडू लागल्या. १९८४ मध्ये मिचिसन आणि कर्शनर यांनी दाखवले की या नळ्या स्थिर नसतात. एक टोक वाढत असते आणि मधेच अचानक ती नळी भराभर आखडते. पेशीविभाजनात गुणसूत्रे ओढून वेगळी करण्याचे काम याच नळ्या करतात.

चेतापेशी विभाजित होत नाही, तरी ती या नळ्यांनी गच्च भरलेली असते. का? तुमच्या कमरेतून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा संदेश नेणारा लांब धागा, जवळजवळ मीटरभर लांब असतो. त्याच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने कमरेजवळच्या पेशीपिंडात बनतात आणि तिथून वाहून न्यावी लागतात. किनेसिन नावाचे वाहक प्रथिन पाठीवर बोचके घेऊन सूक्ष्मनलिकेवरून पावले टाकत जाते. एकेक पाऊल ८ नॅनोमीटरचे, म्हणजे बरोबर एका ट्यूब्युलिन जोडीइतके, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो. या वाहतुकीचा वेगवान मार्गसुद्धा दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर इतकाच सरकतो. म्हणजे कमरेहून निघालेला माल अंगठ्याला पोचायला अडीच ते पाच दिवस. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे. कारण 'नलिका म्हणजे चैतन्याचे आसन' म्हणणारे आणि 'नलिका म्हणजे नुसता सांगाडा' म्हणणारे, दोघेही या अद्भुत कामाकडे पाहत नाहीत.

या कामात अडथळा आला की काय होते, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांनी पाहिलेले आहे. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिनक्रिस्टिन हे रक्ताच्या कर्करोगावरचे महत्त्वाचे औषध ट्यूब्युलिनला चिकटून नलिका मोडते. कर्करोगाच्या पेशी त्यामुळे विभाजित होऊ शकत नाहीत. पण त्याच वेळी लांबच लांब अक्षतंतूंची वाहतूकही विस्कळीत होते. हातापायाला मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, शर्टाचे बटण लावायचे तर ते बोटांना लागतच नाही, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो, सगळे जाणत असतो. यावरून 'नलिका मोडल्या तरी जाणीव शाबूत, म्हणजे नलिकांचा जाणिवेशी संबंध नाही' असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चुकीचा आहे. हे औषध रक्तातून मेंदूत फारसे शिरतच नाही. ते चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचले गेले तर जवळजवळ नेहमीच जीव जातो, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने त्याबद्दल कडक इशारे दिले आहेत. १९९५ मध्ये रिक ग्रश आणि पॅट्रिशिया चर्चलंड यांनी कोल्चिसिनचा असाच दाखला दिला होता: गाउटचे रुग्ण नलिका मोडणारे हे औषध घेतात, पण बेशुद्ध होत नाहीत. (सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असते, म्हणून ती इतकी विषारी.) त्यालाही तेच उत्तर आहे: मेंदूत ते कमी पोचते आणि चेतापेशीतल्या नलिका इतर पेशींतल्यांपेक्षा बऱ्याच टिकाऊ असतात. विवेकवाद्यांनी हा दाखला आता सोडून द्यावा. दुबळा युक्तिवाद बरोबर बाजूच्या हाती असला तरी दुबळाच असतो.

आता विद्युत गुणधर्मांकडे येऊ. ट्यूब्युलिनवर मोठा ऋण भार असतो आणि दोन्ही टोके सारखी नसल्याने नलिकेला दिशा असते, हे निर्विवाद आहे. २००६ मध्ये ओरासिओ कान्तिएल्लो आणि सहकाऱ्यांनी एकट्या सूक्ष्मनलिकेवरून विद्युत संकेत जाताना त्याचे वर्धन होते असे मोजमाप मांडले. २०१८ मध्ये त्याच गटाने मेंदूतून काढलेल्या नलिकांच्या जुड्यांमध्ये सुमारे ३९ हर्ट्‌झची विद्युत आंदोलने नोंदवली. जपानमधल्या त्सुकुबा इथे काम करणारे अनिर्बन बंद्योपाध्याय यांच्या गटाने २०१३ मध्ये एकेका नलिकेला इलेक्ट्रोड जोडून, ठरावीक वारंवारतांना तिची वाहकता एकदम वाढते असे सांगितले. २०२३ मध्ये प्रिन्स्टनच्या ग्रेगरी शोल्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की ट्यूब्युलिनमधल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाने शोषलेली प्रकाशाची ऊर्जा नलिकेत सुमारे ६.६ नॅनोमीटरपर्यंत सरकते, अपेक्षेपेक्षा बरीच लांब, आणि भुलीच्या द्रव्यांनी ते सरकणे मंदावते. हे सगळे नावाजलेल्या नियतकालिकांत छापलेले काम आहे. ते न वाचताच त्याला भोंदूगिरी म्हणणे हा विवेक नव्हे.

तरीही हे पुरेसे आहे का? नाही, आणि त्याचे कारण सोपे आहे. स्लॅबमधली लोखंडी सळई वीज उत्तम वाहते, म्हणून कोणी तिला घराचे वायरिंग म्हणत नाही. एखाद्या वस्तूत गुण असणे वेगळे आणि पेशीने तो गुण कामाला लावणे वेगळे. वर सांगितलेली मोजमापे पेशीबाहेर काढून शुद्ध केलेल्या नलिकांवरची आहेत. पेशीच्या आतला द्रव खारट असतो आणि अशा द्रवात कोणत्याही विद्युत भाराचा प्रभाव एका नॅनोमीटरच्या आतच झाकला जातो. तिथे हे संकेत टिकतात का, हाच तर प्रश्न. ६.६ नॅनोमीटर हा आकडाही नीट वाचला पाहिजे: ऊर्जेचा तो प्रवास ट्यूब्युलिनच्या एका जोडीच्या लांबीपेक्षाही कमी आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते विलक्षणच, पण पेशीच्या एका टोकाचे दुसऱ्या टोकाला कळवण्यासाठी ते काय कामाचे? शिवाय तो प्रयोग अतिनील प्रकाश टाकून केलेला. कवटीच्या आत असा प्रकाश पेशीतल्याच ऑक्सिजनच्या अभिक्रियांतून निघतो असे समर्थक म्हणतात. निघत असेलही, पण किती, केव्हा आणि त्याने पेशीच्या वागण्यात फरक काय पडतो, हे दाखवायचे ओझे दावा करणाऱ्यावर आहे.

या वादाला एक जुना पूर्वज आहे, जो दोन्ही तट विसरले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरियन शास्त्रज्ञ इश्त्वान आपाथी आणि जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट बेथे यांनी चेतापेशीतल्या बारीक तंतूंकडे बोट दाखवून सांगितले की संदेश वाहतो तो यांच्यातूनच. पेशीची बाकी रचना दुय्यम. तंतू सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसत होते, ते पेशीभर पसरलेले होते, त्यांची मांडणी सुबक होती. तारेसारखे दिसते म्हणजे तारच असणार, ही कल्पना किती सहज पटते! पण १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विडच्या राक्षसी अक्षतंतूवर काम करून आवेगाचे, म्हणजे चेतापेशीतून धावणाऱ्या विद्युत संदेशाचे, गणितच मांडले: पेशीपटलातून सोडियम आणि पोटॅशियमचे आयन आत-बाहेर जातात आणि त्यातून आवेग पुढे सरकतो. त्यानंतर १९६१ मध्ये बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी जे केले ते मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत निर्णायक वाटते. त्यांनी त्याच अक्षतंतूतला आतला ऐवज रूळ फिरवून पिळून बाहेर काढला आणि जागी क्षारांचे साधे द्रावण भरले. आतले तंतू, नळ्या, प्रथिने बहुतेक गेली. उरली ती पटलाची पोकळ नळी. आणि ती आवेग देत राहिली, एक-दोन नव्हे तर लाखांच्या घरात.

समर्थकांच्या बाजूने इथे एक खरा मुद्दा आहे आणि तो टाळता येणार नाही. १९७९ मध्ये जपानमध्ये मात्सुमोतो आणि साकाई यांनी दाखवले की पटलाला लगटून असलेल्या नलिका विस्कटल्या की अक्षतंतूची आवेग निर्माण करण्याची क्षमता घटते. म्हणजे नलिकांचा पटलाशी काही संबंध आहे. पण तो संबंध विद्युत-गणनेचा की पटलातल्या आयनमार्गांना जागच्या जागी धरून ठेवण्याचा? दुसरी शक्यता अधिक साधी आहे आणि पेशीत आपण जे इतरत्र पाहतो त्याच्याशी जुळते. पहिली खरी ठरवायची तर दुसरी नाकारणारा प्रयोग हवा.

'माहितीवर प्रक्रिया' हा दावा हॅमेरॉफ यांच्यापासून सुरू होतो. अमेरिकेतल्या टूसॉनमध्ये भूलतज्ज्ञ असलेले स्टुअर्ट हॅमेरॉफ १९८२ पासून ही मांडणी करत आहेत: ट्यूब्युलिनची प्रत्येक जोडी दोन अवस्थांपैकी एका अवस्थेत असते, शेजारच्या जोड्या एकमेकींवर परिणाम करतात, म्हणजे नळीचा पृष्ठभाग हाच एक संगणक. त्यांच्या हिशेबाने एका चेतापेशीत सेकंदाला एकावर सोळा शून्ये इतक्या क्रिया होऊ शकतात. हा आकडा व्याख्यानांत टाळ्या मिळवतो. पण त्याला थोडे तपासून पाहा. रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवले की माहितीचा एक बिट पुसायचा तर किमान काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडावीच लागते. शरीराच्या तापमानाला ती सुमारे ३ × १०⁻²¹ ज्यूल. मेंदूत ८६ अब्ज चेतापेशी आहेत. प्रत्येकीत सेकंदाला १०¹⁶ वेळा एकेक बिट पुसला जात असेल, तर निव्वळ त्या किमान खर्चापायी सुमारे २५ लाख वॅट लागतील. आपला संपूर्ण मेंदू चालतो तो २० वॅटच्या आसपास. यावर असे म्हणता येईल की या क्रिया उलटवता येण्याजोग्या आहेत, त्यांत काही पुसलेच जात नाही. मग ३७ अंशांच्या त्या धडपडत्या, सतत आदळणाऱ्या रेणूंच्या गर्दीत शिरणाऱ्या चुका दुरुस्त कशा होतात? चूक दुरुस्त करणे म्हणजेच काहीतरी पुसणे. अवस्था बदलण्याची क्षमता मोजून तिलाच गणना म्हटले, तर मिठाच्या खड्यालाही संगणक म्हणावे लागेल. त्यातले अणूही सेकंदाला अब्जावधी वेळा हलत असतातच.

या सगळ्यात रॉजर पेनरोज का आले? १९८९ मध्ये या ब्रिटिश गणिती-भौतिकशास्त्रज्ञाने गोडेलच्या १९३१ च्या सिद्धांतावरून (नियमबद्ध गणिती पद्धतीत काही खरी विधाने सिद्धच करता येत नाहीत) असा युक्तिवाद केला की मानवी गणिती समज ही कोणत्याही संगणकी प्रक्रियेत बसत नाही, म्हणून मेंदूत काही नवे भौतिकशास्त्र असले पाहिजे. त्यासाठी जागा कोणती, हे त्यांच्याजवळ नव्हते. हॅमेरॉफ यांच्याजवळ जागा होती, भौतिकशास्त्र नव्हते. १९९० च्या दशकाच्या मध्याला दोघांनी मिळून सिद्धांत मांडला की नलिकांमधल्या क्वांटम अवस्था, ज्यांत अनेक शक्यता एकाच वेळी नांदतात, गुरुत्वाकर्षणाशी निगडित अशा रीतीने एका शक्यतेत कोसळतात आणि त्या प्रत्येक कोसळण्यात जाणिवेचा एक क्षण असतो. पेनरोज यांना २०२० मध्ये नोबेल मिळाले ते कृष्णविवरांवरच्या कामासाठी; ते या सिद्धांताचे प्रमाणपत्र नव्हे, हे आपल्याकडे सांगायला सगळे विसरतात. आणि उलट, पेनरोज वयोमानाने भरकटले असे म्हणणेही अन्याय्य आहे. त्यांनी आपला दावा खोटा ठरवता येईल अशा भाषेत मांडला. जाणिवेवर बोलणाऱ्या कितीजणांनी तेवढे केले आहे?

भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये हिशेब केला की नलिकेतली क्वांटम अवस्था सुमारे १०⁻¹³ सेकंदच टिकेल. चेतापेशीचे काम चालते मिलिसेकंदांत. हॅमेरॉफ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये गृहीतके बदलून तो काळ १०⁻⁵ ते १०⁻⁴ सेकंदांपर्यंत नेला. म्हणजे या आकड्याने तो मिलिसेकंदाच्या आतच राहतो; नलिकांभोवतीचा पेशीद्रव जेलसारखा घट्ट झाला तर तो त्याहून लांबेल, असेही त्यांनी मांडले. इटलीत ग्रान सासो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत अशा कोसळण्यातून बाहेर पडायला हवा तो क्षीण किरणोत्सर्ग शोधला गेला. तो मिळाला नाही, आणि २०२२ मध्ये त्या आधारावर सिद्धांताचे सर्वांत सोपे रूप अतिशय असंभवनीय ठरवले गेले. पेनरोज यांच्या मते त्यांच्या मांडणीत असा किरणोत्सर्ग अपेक्षितच नाही. हा वाद चालू राहील आणि राहायलाही हवा. पण तो पदार्थविज्ञानाचा वाद आहे. त्याचा निकाल काहीही लागला तरी नलिकांच्या विद्युत गुणधर्मांचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

'ओल्या, उबदार पेशीत क्वांटम परिणाम अशक्य' हे विवेकवाद्यांचे ठेवणीतले वाक्य आहे. ते जसेच्या तसे खरे नाही. विकरांमध्ये, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांमध्ये, प्रोटॉनचे ऊर्जेच्या अडथळ्यातून क्वांटम पद्धतीने आरपार जाणे ज्ञात आहे. पण प्रकाशसंश्लेषणाचे उदाहरण दोन्ही तटांनी समोर ठेवावे असे आहे. २००७ मध्ये हिरव्या गंधक-जीवाणूंतल्या एका प्रथिनसमूहात ऊर्जा क्वांटम लहरीसारखी प्रवास करते असे चिन्ह मिळाले. उणे १९६ अंशांना केलेला प्रयोग होता, तरी जगभर खळबळ उडाली. पुढची दहा-बारा वर्षे अनेक प्रयोगशाळांनी तोच नमुना घेतला, मोजमाप सुधारले, तापमान वाढवले, आणि २०२० पर्यंत बहुसंख्य तज्ज्ञ या निष्कर्षाला आले की दिसलेली दीर्घ स्पंदने मुख्यतः रेणूंच्या कंपनाची होती आणि प्रकाशसंश्लेषणाच्या कार्यक्षमतेत त्यांचा वाटा नाही. कल्पना हरली, पण तिच्यापायी विकसित झालेली तंत्रे आज सगळीकडे वापरली जातात. हे इतके स्वच्छपणे का घडू शकले? कारण कोणीही त्या जीवाणूच्या पेशीला विश्वाच्या चैतन्याशी जोडले नव्हते. दावा छोटा होता, म्हणून तो हरू शकला, आणि हरल्यावर कोणाची श्रद्धा दुखावली नाही. सूक्ष्मनलिकांच्या बाबतीत हे होत नाही, कारण प्रत्येक मोजमाप छापले जाण्याआधीच त्याच्या पाठीवर आत्मा बसवलेला असतो. हॅमेरॉफ यांनी स्वतःच मृत्यूनंतर नलिकांमधली क्वांटम माहिती विश्वात टिकून राहू शकेल अशी शक्यता जाहीरपणे बोलून दाखवली. त्याने त्यांच्या मोजता येण्याजोग्या दाव्यांचे जे नुकसान झाले, ते त्यांच्या कोणत्याही टीकाकाराला करता आले नसते.

समर्थकांचा आजचा सर्वांत भक्कम पुरावा भुलीचा आहे. २०२४ मध्ये वेल्सली महाविद्यालयातल्या माइक वीस्ट यांच्या गटाने उंदरांना नलिका घट्ट करणारे एपोथिलोन बी दिले आणि मग आयसोफ्लुरेनची भूल दिली. त्या उंदरांना शुद्ध हरपायला सरासरी ६९ सेकंद जास्त लागले. भूल नेमकी कशी काम करते हे १८४६ पासून आजवर पूर्ण उलगडलेले नाही, त्यामुळे हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे आणि मी तो गंभीरपणे घेतो. पण त्यावरून पुढे काय ठरते? भुलीची अनेक द्रव्ये मेंदूतल्या गाबा या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे ते टिपणाऱ्या प्रथिनांवर, काम करतात. २००३ मध्ये उंदरांच्या या ग्राहीतले एकच अमिनो आम्ल बदलल्यावर प्रोपोफॉल आणि इटोमिडेटचा परिणाम ठळकपणे घटला होता. आणि १९९९ पासून हेही माहीत आहे की हे ग्राही एका जोडप्रथिनामार्फत सूक्ष्मनलिकांशी बांधले जाऊ शकतात. मग नलिका घट्ट केल्यावर ग्राहींची ये-जा, त्यांची संख्या, त्यांची जागा बदलली असेल आणि म्हणून भूल उशिरा चढली असेल, हे शक्य नाही का? ६९ सेकंद हे नलिकांचा भुलीशी संबंध असल्याचे चिन्ह आहे. तो संबंध क्वांटम आहे, असे त्या सेकंदांत कुठेच लिहिलेले नाही.

सूक्ष्मनलिका माहिती बाळगत नाहीत, असे मी म्हणत नाही. त्या बाळगतात, फक्त आज पक्के माहीत असलेले माध्यम रासायनिक आहे आणि संथ आहे. ट्यूब्युलिनवर असेटिल गट चिकटतो, ग्लुटामेटच्या साखळ्या लागतात, टोकाचे टायरोसिन काढले जाते. आणि या खुणा वाचून कोणते वाहक प्रथिन कोणत्या नळीवरून जाईल ते ठरते. २००८-०९ च्या सुमारास दिसले की चेतापेशीच्या वृक्षिकांवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्यांवर, जे इवले काटे असतात, जिथे दुसऱ्या पेशीशी संपर्क होतो, त्यांच्यात वाढती नलिका काही मिनिटांसाठी शिरते आणि परत जाते, आणि पेशीची सक्रियता वाढली की हे शिरणे वाढते. शिकणे आणि आठवणे जिथे घडते तिथे नलिका स्वतः जाऊन येते! हे सिद्ध झालेले, पुन्हा पुन्हा पाहिलेले वास्तव आहे. मराठीत यावर एखादे व्याख्यान झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. आत्म्याचे व्याख्यान मात्र प्रत्येक शहरात होते. अल्झायमरच्या आजारात नलिकांना धरून ठेवणारे टाऊ प्रथिन सुटून गाठी बनवते, आणि आपल्या घराघरांत म्हातारी माणसे नावे विसरू लागतात. नलिकांबद्दल बोलायचे तर ही निकडीची गोष्ट आहे.

अध्यात्माच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक प्रश्न मनापासून विचारावासा वाटतो. अद्वैत वेदान्तात आत्मा स्वयंप्रकाश आहे, तो कोणत्याही प्रमाणाचा विषय होत नाही, कोणत्याही वस्तूतून उत्पन्न होत नाही. ट्यूब्युलिनच्या विशिष्ट मांडणीतून जाणीव उगवते हे मत त्या परंपरेचे नाही. ते चार्वाकांच्या जवळचे आहे, ज्यांनी म्हटले की किण्वातून जशी मद्याची शक्ती येते तसे पृथ्वी, पाणी अशा महाभूतांच्या संयोगातून चैतन्य येते. पेनरोज-हॅमेरॉफ उद्या बरोबर ठरले, तर वेदान्त सिद्ध होणार नाही. आणि चूक ठरले, तर वेदान्ताचे काही बिघडणार नाही. मग ज्या तत्त्वज्ञानाला हजार वर्षांत प्रयोगशाळेची साक्ष लागली नाही, त्याला ती आज एका प्रथिनाकडून मागून घेण्यात कोणता सन्मान आहे?

प्रश्न सोडवायचा तर मार्ग आहे. कान्तिएल्लो आणि बंद्योपाध्याय यांची मोजमापे दुसऱ्या, त्यांच्याशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांनी पेशीच्या खारटपणाइतक्याच द्रावणात करून पाहायची. मग मूलपेशींपासून वाढवलेल्या मानवी चेतापेशींत जनुक बदलून ट्यूब्युलिनमधली ठरावीक ट्रिप्टोफॅन काढून त्यांच्या जागी दुसरे अमिनो आम्ल बसवायचे. प्रत्येक जोडीत ती आठ असतात. अवघड काम आहे, कारण ट्यूब्युलिनची जनुके अनेक आहेत आणि बदलानंतरही नळी नीट बांधली गेली पाहिजे, किनेसिनची पावले पूर्वीच्याच वेगाने पडली पाहिजेत. पण वाहतूक शाबूत ठेवून फक्त ऊर्जेचे सरकणे थांबवता आले, तर त्या पेशींच्या थराखाली इलेक्ट्रोडची जाळी ठेवून त्यांचे आवेग महिनोन्‌महिने नोंदवता येतील, भुलीचे द्रव्य टाकून त्यांचे मंदावणे मोजता येईल. बदललेल्या आणि न बदललेल्या पेशी सारख्याच वागल्या, तर ट्रिप्टोफॅनच्या मार्गाने माहिती जाते हा दावा तिथे संपला. वेगळ्या वागल्या, तर हॉजकिन-हक्सलींच्या समीकरणांत एका नव्या पदाची भर घालावी लागेल, आणि ते पद काय असेल यावर तरुण शास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी काम करील.